पारड्याखालचा हात

बिबाटोला, ता. कुरखेडा
१९ जानेवारी २०२५

भिंतींवर देवदूत आणि सैतान रंगवणाऱ्या तमाम कलाकारांनो, तुमची एक तक्रार रास्त आहे. परांचीवर उभं राहून मान तुमची मोडते, रंग तुमच्या नखांत जातो, आणि चित्राचा अर्थ सांगायला मात्र दुसराच कुणी पुढे येतो. तुम्हाला कुणी विचारत नाही.

एवढं लिहिलं आणि लक्षात आलं की हे पत्र तुला एकट्याला आहे, लोकेश. तीस वर्षं मैदानांत बोललो. दारूबंदीच्या सभा, जंगलहक्काच्या सभा, आणि गेली अकरा वर्षं आपल्या प्रार्थनाघरातले रविवार. आता एका माणसाला पत्र लिहायला बसलो तरी समोर सतरंज्या अंथरलेल्या दिसतात. पण वाक्य खोडत नाही. ते खोटं नाही.

तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून टपालानं लिहितो आहे. पत्ता तुझ्या आईच्या शेजारच्या मंगलीकडून घेतला. गडचांदूरच्या त्या रंगाच्या दुकानात तुझ्या नावानं पत्र पोचतं असं ती म्हणाली. काम बरं चाललं आहे का? फ्लेक्सनं पाट्या रंगवणाऱ्यांचं पोट मारलं, पण ट्रकांच्या पाठी अजून हातानंच रंगवतात म्हणे. दिव्यानी सूनबाईला आशीर्वाद सांग.

कामाचं बोलतो. प्रार्थनाघराच्या भिंतीवरच्या तुझ्या चित्राला ओल लागली आहे. आत्मे तोलणारा देवदूत मीखाएल ठीक आहे, त्याचे पंख अजून झळकतात. तराजूची दांडीही ठीक. वर गेलेल्या पारड्यातली लोखंडी वजनं ठीक. खालच्या पारड्यात हात जोडून बसलेली बाई आहे, तिच्या आसपास रंग सुटतो आहे. दोन दिवस येऊन तेवढी जागा दुरुस्त केलीस तर बरं होईल. वाटलं तर त्या बाईचा चेहराही थोडा बदलता येईल. म्हातारीच्या जागी तरुण, किंवा एखादा पुरुष. तू ठरव.

तू २०२३ च्या नोव्हेंबरात, चित्र उघडलं त्याच दिवशी, न सांगता निघून गेलास. का, ते मी विचारत नाही. मृतांच्या स्मरणाचा दिवस होता. मी आत्म्यांच्या तोलावर प्रवचन केलं, लोकांनी ऐकलं, कुणी काही बोललं नाही. दिवस चांगला गेला होता.

तुझी आई बरी आहे.

तुझा,
रामाजी गुरुजी


बिबाटोला
२ फेब्रुवारी २०२५

लोकेश,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

मागच्या पत्रात एक गोष्ट खोटी होती. भिंतीला ओल नाही. तू आधी अस्तर मारून, घासून, मग ऑइलपेंट लावला होतास. तो रंग मी मेल्यावरही टिकेल. मला तो चेहरा बदलून हवा होता आणि कारण सांगायची लाज वाटली.

तो चेहरा तुझ्या आईचा आहे. चित्र उघडलं तेव्हाच सगळ्यांनी ओळखला. पदर डोक्यावर ओढायची तिची रीत, डाव्या भुवईवरचा व्रण, सगळं तू जसंच्या तसं काढलंस. तेव्हा बायका हसल्या होत्या. 'बायनाबाई, तू तं जित्तेपनीच वर गेली!' तुझी आईसुद्धा पदरात तोंड लपवून हसत होती. मग मी प्रवचनाला उभा राहिलो.

तू ते ऐकलं नाहीस म्हणून सांगतो. मी म्हणालो, पापाला वजन असतं. जो आत्मा पापानं भरला त्याचं पारडं खाली जातं आणि सैतान खालून हात घालून आपला हिस्सा ओढून नेतो. चित्रात तुझ्या आईच्या पारड्याखाली एक हिरवट हात आहेच. त्याच्याकडे बोट दाखवून मी म्हणालो, पाहा, तो आलेला आहे. नाव घेतलं नाही. पण चेहरा भिंतीवर होता आणि बोट माझं होतं.

त्यावर वर्षभर फारसं काही झालं नाही. थट्टा चालायची, मग थट्टा थांबली आणि कुजबुज राहिली. गेल्या ऑक्टोबरात टोल्यात, साऱ्या वस्तीत, ताप आला. अकरा जणांना. अंकुशची पोरगी पुनम त्यात गेली. चार वर्षांची होती. कुरखेड्याला नेईपर्यंत उशीर झाला. आदल्या दिवशी तिनं तुझ्या आईच्या हातचा मुरमुऱ्याचा लाडू खाल्ला होता.

पुढचं तुला समजलं असेल. आता कुणी तिच्या घरचं पाणी पीत नाही. विहिरीवर ती आली की बायका बाजूला होतात. तू दर रविवारी मंगलीच्या फोनवर आईशी बोलतोस. ती काय सांगते? 'बरी हाओ, तू जेवला का?' हेच ना?

तू ये. चेहरा बदल. लोकांच्या डोळ्यांसमोरून तो गेला की डोक्यातूनही जाईल.

गुरुजी


बिबाटोला
१५ फेब्रुवारी २०२५

लोकेश,

दिव्यानीचा फोन आला होता. पत्रं पोचतात, तू वाचतोस आणि खिशात घालतोस, एवढं तिनं सांगितलं. तू आईला विचारलंस म्हणे, आणि आई म्हणाली, 'गुरुजीची सवय तुले माहीत नाई का? दोन मानसं खोकलले तं ते महामारी म्हनते.' पोरी, मी म्हणालो, ह्या वेळी मी कमीच सांगतो आहे. दिव्यानी म्हणाली, 'ते म्हनून राह्यले का गुरुजीले चित्र आवडत नसन तं भिंतीले चुना मारा. मले कायले बोलावते?'

म्हणून मी चुना मारला.

कुरखेड्याहून पिशवी आणली, डिंक घातला, आणि बुधवारी दुपारी स्टुलावर चढून खालच्या पारड्यातली बाई स्वतःच्या हातानं पांढरी केली. माझे गुडघे तुला माहीत आहेत. उतरताना मंगलीनं धरलं. ती म्हणाली, 'गुरुजी, तोंडावर चुना लावतेत का कोनी? हे तं मेलेल्याले करते तसं झालं.' मी तिला गप्प केलं.

तू हसशील. ऑइलपेंटवर चुना धरत नाही हे शाळेतल्या पोरालाही कळतं, मला कळलं नाही. रविवारी प्रार्थनेला लोक आले तेव्हा पापुद्रे निघून खाली पडले होते आणि पांढऱ्यातून तिचे दोन डोळे आणि तो व्रण बाहेर आला होता. बाकी चेहरा झाकलेला. मी बायबल उघडून उभा, आणि समोर एक माणूस माझ्याकडे पाहत नाही. सगळे माझ्या डोक्यावरून भिंतीकडे पाहताहेत.

अंकुश उठला. म्हणाला, 'पुसलं तरी येते. आता अजून काय पायजे?'

आणि पोरांना घेऊन निघून गेला. त्याच्यामागे निम्मं प्रार्थनाघर.

सोमवारी तिच्या घरावर दगड पडले. दोन कौलं फुटली. तिला लागलं नाही. ती आता शेतातल्या झोपडीत राहते, धान राखायला बांधली होती त्या. मी पोलीस पाटलाकडे गेलो. तो भला माणूस आहे, त्यानं लगेच कागद काढला. जादूटोणाविरोधी कायदा त्याला पाठ आहे. पण तुझी आई सही करायला तयार नाही. 'कोनाचं नाव सांगू जी? ज्यानं मारला तो माह्याच मांडीवर वाढला असन.'

कोलूकडेही गेलो. टोल्यातल्या गोंडांच्या देवांचं पाहणारा म्हातारा; तुला लहानपणी बोरं द्यायचा तो. मला वाटलं, माझ्या शब्दाला नाही तर त्याच्या शब्दाला तरी वजन येईल. कोलू तंबाखू मळत ऐकत राहिला. मग म्हणाला, 'गुरुजी, आमच्यात मेलेल्याले तोलत नाई. त्याच्या नावाचा दगड उभा करतो अन सनाले जेवाले बोलावतो. चांगला व्हता का वाईट व्हता, जेवाले तं येतेच. हे तराजूचं तुमी आनलं. तुमीच पाहा.'

मी उठून घरी आलो.

आता तुला सगळं खरं कळलं आहे. आईच्या बोलण्यावर जाऊ नकोस.

गुरुजी


बिबाटोला
२ मार्च २०२५

लोकेश,

काल तुझ्या आईकडे गेलो होतो. झोपडीत चूल, दोन भांडी, मागच्या हंगामातला मोहा, वाळलेली फुलं, भरून ठेवलेली एक टोपली आणि एक कोंबडी. मी गेल्यावर तिनं तांब्या पुढे केला आणि हात मागे घेतला. 'प्याल का? भ्याव तं नाई वाटत?'

प्यालो. ती म्हणाली, 'आता तुमाले ताप आला तं मले अजून एक दगड.' आणि हसली. तिच्या हसण्यानं मला जास्त थकवा येतो.

मी तिला म्हणालो, बायनाबाई, माझी चूक झाली. तुमचा चेहरा पापी माणसाच्या जागी आहे हे त्या दिवशी पाहून मी सांभाळून बोलायला हवं होतं. लोकेशनंही असं काढायला नको होतं.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी वर्गात एखाद्या ढ पोराकडे पाहत असे.

'भाऊ, तुमी मोहा कधी इकला का?'

नाही, मी म्हणालो. मास्तरकी केली. घरी मोहाचं झाड नव्हतं.

'तरीच.' तिनं ती टोपली उचलली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. 'धरा. किती जड हाय?' मी धरली. चार-पाच किलो असेल. मग ती उठली, माझ्या बाजूला आली आणि टोपलीच्या बुडाला खालून तळवा लावून थोडंसं वर ढकललं. 'आता?'

हलकी झाली होती.

'कुरखेड्याच्या बजारात असाच करते तो. आपून पारड्यात मोहा टाकतो, तो इकडे दांडी धरते, इकडच्या-तिकडच्या गोष्टी करते, अन गुडगा नाई तं हात खालून लावते. पारडं वर. वजन कमी. लोकेश पाच वर्साचा व्हता तवापासून माह्यासंग येत व्हता. एकडाव त्यानं खाली वाकून पाह्यलं अन वरडला, 'माय, हात हाय!' त्या इकत घेनाऱ्यानं त्याले एक लावून देली व्हती.'

मी टोपली खाली ठेवली.

'तो हात वढून नाई राह्यला, भाऊ. उचलून राह्यला. सैतान मले हलकी करून राह्यला. तरी मी खालीच हाओ. पोरानं मले एवढी जड काढली का सैतानाच्यानं उचलत नाई.' मग म्हणाली, 'कोनी मानते का आपल्या मायले एवढं?'

मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत? वर्ष उलटून गेलं.

'कोनी इचारलं नाई. अन तुमी बोलून झाल्यावर कोन बोलल? तुमी तं आमाले खोकलू पन देत नाई.'

परत येताना प्रार्थनाघरात गेलो आणि तो हात जवळून पाहिला. पहिल्यांदाच पाहिला म्हण. ओढणारा हात पारड्याच्या काठात बोटं रुतवतो. हा हात उघडा आहे. तळवा वर, बोटं सरळ, पारड्याच्या बुडाला टेकलेला. मनगटाची शीर ताणलेली आहे. भार घेणाऱ्या हाताची असते तशी. हे कुणालाही दिसलं असतं.

एकीला दिसलंही होतं. मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं की प्रवचनाच्या वेळी कुणी काही बोललं नाही. तेही खोटं. मी सैतान ओढतो आहे म्हणालो तेव्हा सतरंजीवरून उठून मंगली बोलली होती, 'पन गुरुजी, तो तं उचलून राह्यला, मोहावाल्यावानी!' दोन-चार बायकांनी माना डोलावल्या. आणि मी काय केलं? म्हणालो, 'मंगलीबाई, सैतानाची वकिली करायला फी किती घेता?' लोक खो-खो हसले. मंगली लाल झाली आणि खाली बसली. टोल्यातली प्रत्येक बाई दरवर्षी बाजारात मोहावाल्याच्या तराजूपुढे उभी राहते. त्या सगळ्या जणी त्या हाताला ओळखत होत्या. माझ्या एका विनोदानं त्यांनी आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवणं सोडलं.

आता तू विचारशील, तुम्ही तर एवढं वाचलेले. हो, वाचलेलं होतं, तेच सांगतो. युरोपातल्या जुन्या चर्चच्या भिंतींवर हा प्रसंग शेकडो ठिकाणी रंगवला आहे आणि त्या चित्रकारांत कधीच एकमत नव्हतं. काहींनी पाप्याला जड केलं. काहींनी पुण्यवानाला जड केलं, आणि वर गेलेला तो रिकामा, टाकाऊ. बायबलातही एका राजाला तोलून उणा ठरवल्याची गोष्ट आहे. उणा, म्हणजे हलका. हे सगळं मला त्या दिवशी ठाऊक होतं. पण 'पापाचं ओझं' हे शब्द बोलायला सोपे असतात. आवाज चढवायला त्यात जागा आहे. 'उणेपणा'वर आवाज चढत नाही. मी सोपं ते निवडलं.

आणि तू असतास तर हे काही झालंच नसतं. तू का गेलास ते मी विचारत नाही, असं लिहिलं होतं. मला माहीत आहे म्हणून विचारत नव्हतो. तुझ्या शर्टाच्या खिशात चार ओळींचा कागद होता. चित्राबद्दल दोन शब्द सांगतो म्हणालास. मी तुझ्या खांद्यावर थोपटून म्हणालो, 'मी आहे ना. तू बस.' तू बसला नाहीस. मी तेव्हा मनात म्हणालो, कलाकार मंडळी तापट असतात.

त्या कागदावर काय होतं ते आता मला कळलं आहे असं वाटतं.

रामाजी


बिबाटोला
११ मार्च २०२५

लोकेश,

हे पत्र टपालानं पाठवत नाही. मंगलीचा जावई सिमेंटच्या ट्रकवर गडचांदूरला निघाला आहे, त्याच्या हाती देतो. उद्या दुपारपर्यंत तुझ्याकडे पोचेल. तो समोर उभा असतानाच वाच.

परवा रविवारी मी भर प्रार्थनेत चूक कबूल केली. पूर्ण तयारी करून गेलो होतो. टोपली नेली, मोहा नेला, बायकांपुढे तळवा लावून दाखवला. म्हणालो, मी चुकलो, चित्र बरोबर आहे, बायनाबाईचं पारडं पुण्याईनं जड आहे. आयुष्यात इतकं कळकळून मी बोललो नसेन. तीन-चार बाया रडल्या. मंगली मोठ्यानं म्हणाली, 'मी तवाच म्हनली व्हती.' मला वाटलं, झालं.

अंकुश मागे भिंतीला टेकून उभा होता. पुनम गेल्यापासून तो बसत नाही. तो म्हणाला, 'गुरुजी, तवा पुस्तकातून सांगितलं. आता कशातून सांगता?'

मी म्हणालो, चित्रातून.

'चित्र तं तवा पन हेच व्हतं.'

कुणीतरी म्हणालं, 'गुरुजी मागच्या हप्त्यात तिच्या झोपडीत पानी पिऊन आले.' मग कुजबुज. म्हातारीनं गुरुजींनाही काही केलं. बघ लोकेश, माझ्या आवाजानं एका बाईला गावाबाहेर काढता येतं. त्याच आवाजानं तिला परत आणता येत नाही. रडलेल्या बाया डोळे पुसून घरी गेल्या. मंगली तेवढी थांबली.

मी अंकुशच्या मागे त्याच्या घरापर्यंत गेलो. ओट्यावरच्या दोरीवर पुनमचा फ्रॉक अजून आहे, त्यानं काढलेला नाही. मी म्हणालो, अंकुश, ताप डासानं आला. तू स्वतः दवाखान्यात ते ऐकलंस.

'डास तं सगळ्यायच्याच घरी हायेत, गुरुजी. माहीच पोर काऊन गेली?'

मी प्रवचन न करता त्याच्या शेजारी बसलो. मग तो आपणच म्हणाला, 'लोकेशनं काढलं नं ते? मंग लोकेश काऊन नाई बोलत? सोताच्या मायले सैतानाच्या हातात देऊन पयाला तो. त्याच्या मनात पाप नसतं तं आला नसता का? त्याले बोलवा. चित्राखाली उभा राहून, माह्या डोळ्यात पाहून तो म्हनल का हात उचलते, तं मी मानीन. तुमचं नाई मानत.'

लक्षात घे. तुझं न येणं हाच आता पुरावा झाला आहे. तू माझ्यावर रागावून दूर राहिलास, आणि गावानं अर्थ लावला की पोरालाही आईचं खरं माहीत आहे.

होळी गुरुवारी आहे. रविवारी, सोळा तारखेला, टोल्याची बैठक. मोहा पडायच्या आधी कोणतं झाड कोणाच्या घराचं हे दरवर्षी तिथं बोलून पक्कं होतं, तुला सांगायला नको. तुझ्या आईची तीन झाडं आहेत, तुझ्या आजीपासूनची. ती तीन झाडं काढून घ्यायची आणि तिनं टोल्याची शीव सोडायची, असं दोन वॉर्डांत ठरून गेलं आहे. अंकुश बोलेल आणि बाकीचे माना हलवतील. पोलीस पाटील बैठकीला बसेल. मारहाण होऊ देणार नाही, पण झाडं तो वाचवू शकत नाही. लोकांना तिच्याशी बोलायलाही तो लावू शकत नाही. आणि बैठक संपल्यावर, पाटील घरी गेल्यावर, एका झोपडीत एकटी म्हातारी. ह्यापुढचं मी लिहीत नाही. आपल्या जिल्ह्यात काय काय झालं आहे ते तूही पेपरात वाचलं आहेस.

तिला तुझ्याकडे गडचांदूरला पाठवावं, हेही मी सुचवून पाहिलं. ती म्हणाली, 'आठ दिवस राह्यली मी तिथी. सिमिटाची धूळ भाकरीवर बसते. अन आता गेली तं लोकं म्हनतीन, खरंच व्हतं म्हनून पयाली.' तिचं बरोबर आहे. गेली तर ती आयुष्यभर तीच राहील, जी मी तिला केली.

तुला बोलावल्याचं तिला सांगितलेलं नाही. आलास तर बोलेल, 'काऊन आला, रोजी बुडवून?' तिकडे लक्ष देऊ नकोस.

माझ्याबद्दलचा राग तसाच ठेव. मी माफी मागण्यासाठी हे लिहीत नाही. त्या माफीचा तिला काही उपयोग नाही. रविवारी मी तोंड उघडणार नाही, हे मी मंगलीला सांगून ठेवलं आहे. ती म्हणाली, 'जमन का तुमाले?' जमवीन.

बैठक सकाळी नऊला आहे. झाडांचा विषय निघायच्या आधी प्रार्थनाघरात यायला अंकुश कबूल आहे. मी त्याच्याकडून तसा शब्द घेतला आहे, आणि तो शब्द पाळणारा माणूस आहे.

शनिवारी सकाळी चंद्रपूरहून गडचिरोलीची बस धर, तिथून कुरखेड्याची. फाट्यावर मी उभा असेन. रविवारी आठ वाजता त्या भिंतीखाली उभा राहा, अंकुशच्या डोळ्यांत पाहा, आणि तो हात काय करतो आहे ते तुझ्या तोंडानं सांग.

ये.

रामाजी